तेहतीस, सहासष्ट, शंभर

प्रतबंदीचा, म्हणजे जमिनीची प्रत ठरवणारा, कारकून शेतात आला की आधी कागदावर शेताचा चौकोन काढायचा, त्याचे सारखे खण पाडायचा आणि मग खणाखणात पहार मारून माती किती खोल आहे ते बघायचा. खोल काळी निघाली तर पहिली प्रत, सोळा आणे. खोली कमी होईल तशी प्रत उतरायची, ती पार दोन आण्यांपर्यंत. मातीत चुनखडी लागली, वाळू मिसळलेली दिसली, जमीन उताराची असली, तर त्या खणात एकेक खूण पडायची. एका खुणेला एक प्रत कमी. शेवटी सगळ्या खणांचे आणे मिळवून सरासरी काढायची आणि त्या सरासरीवर सारा.

गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन साहेबांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापुरातून ही पद्धत सुरू केली. त्यांच्याआधी प्रिंगल नावाच्या साहेबानं हिशेबाच्या जोरावर इतका चढा सारा बसवला होता की कुणबी गावं सोडून चालले होते. त्या मानानं विंगेटची पद्धत शहाणपणाची होती. जमीन कसणाऱ्याचं पोट भरून थोडं हातात उरावं, एवढा विचार तिच्यात होता. ठरलेला सारा तीस वर्षं बदलायचा नाही, असा करार होता. कुणब्यानं त्या शब्दावर विश्वास ठेवला, विहिरी पाडल्या, पड जमीन वहिताखाली आणली.

तीस वर्षं भरली. १८६७ साली इंदापुरात फेरजमाबंदी, म्हणजे साऱ्याची नव्यानं आकारणी, झाली, तिच्या पाठोपाठ भीमथडी, हवेली अशी एकेका तालुक्याची पाळी आली. भीमथडी म्हणजे ढोबळमानानं आजचे दौंड आणि बारामती. घोड्यांसाठी नाव असलेला, पावसाच्या नावानं मात्र शंख असलेला मुलूख. घोडनदीच्या अंगाचा शिरूर तालुका त्याला लागूनच. खणातली माती तीस वर्षांत तीच राहिली होती. बदलला होता तो भाव.

तो बदलला अमेरिकेमुळे. तिकडे १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस विलायतेला जाईना आणि लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसावर तुटून पडल्या. १८६२ साली विलायतेत आलेल्या कापसापैकी बहुतेक कापूस हिंदुस्थानातला होता. मुंबईच्या पेढ्यांतून पैसा वाहत खेड्यापर्यंत आला. वाणी दारात येऊन कर्ज घे म्हणू लागला. धान्याचे भावही वर गेले. त्यातच १८५८ मध्ये पुण्याहून दौंडावरून पुढे डिकसळपर्यंत आगगाडी सुरू झाली होती. सरकारनं हिशेब मांडला: भाव चढले, रेल्वे आली, बाजार जवळ आला, म्हणजे शेतकऱ्याकडे पैसा आला. दौंडाच्या बाजूच्या माणसाला इंजिनाच्या शिट्टीची पट्टी अशी साऱ्यातून भरावी लागली. नव्या जमाबंदीत ठिकठिकाणी सारा ५० ते १०० टक्के वाढला.

युद्ध १८६५ लाच संपलं होतं. अमेरिकेचा कापूस परत बाजारात आला, भाव उतरू लागले, वाण्यांनी हात आखडले. सरकारच्या कागदावर मात्र तेजीचं वर्ष कायमचं कोरलं गेलं. चढत्या वर्षाचा भाव धरायचा आणि तो उतरल्यावर त्याच भावानं तीस वर्षं वसुली करायची, यात कारकुनाची चूक फारशी नव्हती. पहार बरोबर पडली होती, आण्यांची बेरीजही चुकली नव्हती. चुकलं होतं ते मुंबईत आणि कलकत्त्यात बसलेल्यांचं, आणि त्यांना विचारणारं कुणी नव्हतं.

म्हणजे अगदीच नव्हतं असंही नाही.

पुण्यात २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा स्थापन झाली. निमित्त होतं पर्वती संस्थानच्या कारभाराचं. देवस्थानाच्या हिशेबावरून तक्रारी होत्या. देवाच्या पैशाचा हिशेब विचारायला जमलेली मंडळी सरकारच्या पैशाचा हिशेब विचारू लागली, हा प्रवास मला फार आवडतो. सभेचे कर्ते पुरुष गणेश वासुदेव जोशी. त्यांना पुढे सगळा गाव सार्वजनिक काका म्हणू लागला. औंधचे पंतप्रतिनिधी अध्यक्ष होते. वर्षभरानं न्यायमूर्ती रानडे बदली होऊन पुण्यात आले आणि सभेच्या कागदांना आकड्यांची धार आली.

या सभेचा एक नियम आज वाचताना चकित व्हायला होतं. सभासद व्हायचं तर वर्गणी भरून भागत नसे. किमान ५० सज्ञान माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. आमच्या वतीनं बोलायला आम्ही या माणसाला नेमतो, असं लोकांनी लिहून द्यायचं. सुरुवातीला असे ९५ प्रतिनिधी होते आणि त्यांच्यामागे सुमारे ६००० लोकांच्या सह्या होत्या. मतपेटी नव्हती, मतदारयादी नव्हती, कायदेमंडळात रयतेनं निवडलेला एकही माणूस नव्हता. वकिलीच्या धंद्यातला रोजचा कागद उचलून या लोकांनी त्याची निवडणूक केली.

अर्थात सह्या कुणाच्या, हेही बघायला हवं. सभेत सरदार होते, इनामदार होते, वकील होते, पेन्शनर होते. भीमथडीचा किंवा शिरूरचा कुणबी त्यात शोधावा लागला असता. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला तो याच पुण्यात, आणि या सभेच्या सार्वजनिकपणाविषयी त्यांना शंका होती ती उगाच नव्हती. तरीपण १८७२ मध्ये सभेनं शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी करायला एक पोटसमिती नेमली, गावोगावची माहिती मागवली आणि पुढच्या वर्षी अहवाल काढला. फेरजमाबंदीनं वाढवलेला सारा रयतेला झेपणारा नाही, हे त्यात आकड्यांनिशी मांडलं. अर्ज गेले, विनंत्या गेल्या. अर्जाच्या भाषेत मायबाप सरकार होतं, तपशिलात मात्र सरकारचाच हिशेब सरकारपुढे उलगडून ठेवलेला होता.

आणि सरकार हललं. २९ ऑक्टोबर १८७४ रोजी मुंबई सरकारनं ठराव केला: फेरजमाबंदीत सारा वाढवायचा तर संपूर्ण तालुक्यावर ३३ टक्क्यांहून अधिक वाढ नको, एका गावावर ६६ टक्क्यांहून अधिक नको आणि एका खातेदारावर १०० टक्क्यांहून अधिक नको.

तेहतीस, सहासष्ट, शंभर. आज हे आकडे मोठे वाटतात. सरकारनं एका फटक्यात एखाद्याचा सारा दुप्पट करावा, ही कसली मर्यादा? पण त्याआधी वाढीला वरचं टोकच नव्हतं, हे लक्षात घेतलं की ठरावाचं वजन कळतं. आपण किती घेऊ शकतो याला कुंपण आहे, हे सरकारनं पहिल्यांदा स्वतःच्या हातानं लिहून दिलं. याचं सगळं श्रेय सभेला देणं मला पटत नाही. भाव कोसळत होते, सारा थकत होता, हे सरकारलाही दिसत होतं. पण अर्ज नसता तर थकबाकीचा अर्थ रयतेचा आळस असा लावायला सरकारी दप्तराला वेळ लागला नसता.

ठराव मुंबईत झाला. शेतात तो पोचायचा होता, आणि तोवर कुणबी वाण्याच्या ओट्यावर बसला होता.

हा ओटा नीट समजून घेतल्याशिवाय पुढचं कळत नाही. साऱ्याचा हप्ता येई तेव्हा धान्याचा पैसा हातात आलेला नसे. मग कुणबी वाण्याकडे जाई, वाणी सारा भरे आणि ती रक्कम खात्यावर चढे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं कर्जरोख्याला तीन वर्षांची मुदत घातली. हेतू हा की व्याज साचत राहू नये. वाण्यानं त्यातून वाट काढली. दर तीन वर्षांनी मुद्दल आणि व्याज मिळून नवं खत करायचं, त्यावर पुन्हा व्याज. कुणबी अंगठा उठवी. खतात काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नसे, फेडलेल्या पैशाची पावती त्याच्याकडे नसे. पुढे सरकारी चौकशीत बारा गावांचा हिशेब घेतला, तेव्हा सरकारी जमिनीच्या खातेदारांपैकी सुमारे एक तृतीयांश कर्जात निघाले, आणि त्यांचं कर्ज सरासरी त्यांच्या साऱ्याच्या अठरा पट होतं. वाण्याला अठरा वर्षं नुसता सारा भरून देण्याइतकी रक्कम. सरकारचा हात किती लांब आणि वाण्याचा किती, हे त्या एका आकड्यात दिसतं. पण दोन्ही हात एकाच खिशात होते, हेही दिसतं.

ठरावाला दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, डिसेंबर १८७४ मध्ये, शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात ठिणगी पडली. काळूराम नावाच्या मारवाडी सावकारानं बाबासाहेब देशमुखांवर दीडशे रुपयांच्या कर्जासाठी हुकूमनामा मिळवला आणि तो त्यांच्या घरावर आला. देशमुखाचं घर म्हणजे गावाची अब्रू. गावानं काळूरामवर बहिष्कार टाकला. त्या काळात गावोगाव असे कागद झाले, सह्या आणि निशाण्या करून: सावकाराचं शेत कुणी करायचं नाही, न्हाव्यानं त्याची हजामत करायची नाही, परटानं कपडे धुवायचे नाहीत, कुणी त्याच्या दुकानात जायचं नाही, जो मोडेल तो वाळीत. पुण्यातलं मुखत्यारपत्र आणि खेड्यातला हा बहिष्काराचा कागद, दोन्ही सह्यांचेच. एकावर वकिलाची वळणदार सही होती, दुसऱ्यावर नांगराची निशाणी.

मग सुपे. आज ते बारामती तालुक्यात आहे, तेव्हा भीमथडीत होतं. बाजारपेठेचं गाव, गुजर वाण्यांची दुकानं. १२ मे १८७५, बुधवार, बाजाराचा दिवस. आजूबाजूच्या गावांतून आलेले कुणबी सावकारांच्या दारांवर गेले आणि खतं, दस्त, वह्या मागू लागले. मिळाल्या त्या रस्त्यात पेटवल्या. धान्याची दुकानं लुटली, एका सावकाराच्या घराला आग लागली. सुप्याहून दंगा भीमथडीत, शिरुरात, इंदापुरात, पुढे नगर जिल्ह्यात पसरला. तीसहून अधिक गावं त्यात आली, शेकडो माणसं धरली गेली. बंदोबस्ताला पलटणी फिरवाव्या लागल्या.

या दंग्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते आणि चौकशी करणाऱ्या साहेबांनाही ती नोंदवावी लागली. कागद मुकाट्यानं दिला की लोक निघून जात. मारहाण झाली ती बहुतेक जिथे कागद द्यायला नकार मिळाला तिथे. लोकांना जीव नको होते, वही हवी होती. ज्या अक्षरांनी आपल्याला बांधलंय ती अक्षरं राख व्हावीत, एवढंच. सरकारी कचेरी मात्र कुणी जाळली नाही. साऱ्याची दप्तरं शाबूत राहिली.

इथेच सगळ्या प्रकरणाची ग्यानबाची मेख आहे. कुणब्यानं सावकाराची वही जाळली म्हणून सरकारला म्हणता आलं: बघा, भांडण सावकाराशी आहे, आमच्याशी नाही. वरून दबाव आल्यावर मुंबई सरकारनं चौकशी आयोग नेमला. दंग्याला साऱ्याची वाढ कारण आहे का, हे आयोगानं तपासायचं होतं. आयोगानं उत्तर दिलं, नाही, दोष सावकाराचा. आयोगातले एक सभासद ऑकलंड कॉल्विन वायव्य प्रांतातून आलेले होते, मुंबईच्या जमाबंदी खात्याशी त्यांचं काही लागत नव्हतं. त्यांनी वेगळं टिपण जोडलं आणि साऱ्याच्या वाढीकडे बोट दाखवलं. एका साहेबानं दुसऱ्या साहेबाचा हिशेब चूक ठरवला, याची मजा रानड्यांना नक्कीच वाटली असणार.

आयोगाचा अहवाल पार्लमेंटापुढे गेला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला: पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांपुरता. कोर्टानं खतावर न थांबता कर्ज मुळात कसं झालं ते बघावं, कर्जासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकू नये, खतं गावच्या निबंधकापुढे व्हावीत. सावकाराला लगाम लागला. त्यानंही मग गहाणखत सोडून खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली, पैसे फेडले की जमीन परत देतो या तोंडी बोलीवर. तोंडी बोलीचं पुढे काय होतं ते शिरूर-दौंडच्या कुठल्याही जुन्या घरात विचारा.

मधल्या काळात १८७६ ते ७८ चा दुष्काळ येऊन गेला. दौंड-मनमाड रेल्वेचा रस्ता त्या वेळी दुष्काळी कामावर आलेल्या माणसांनी बांधला. आणि फेब्रुवारी १८७९ मध्ये शिरूर तालुक्यातल्या धामारीवर वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोशांना घेऊन दरोडा घातला. पुढे मे महिन्यात त्यांनी जाहीरनामा काढला. त्यात मागण्या होत्या: कर कमी करा, बड्या गोऱ्या अधिकाऱ्यांचे पगार कापा, उपाशी लोकांना काम द्या. सरकारनं किती घ्यावं, या प्रश्नाच्या पुढचा प्रश्न फडक्यांनी विचारला: घेतलेलं कशावर उडवावं? फुल्यांनी १८८३ च्या सुमारास लिहून काढलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये हाच प्रश्न आणखी टोकदार केला, गोऱ्या आणि भट कामगारांचे पगार आणि पेन्शनी शेतकऱ्याच्या साऱ्यातून जातात, असं त्यांचं म्हणणं. सार्वजनिक सभेनंही १८७५ मध्येच पार्लमेंटकडे अर्ज करून हिंदुस्थानातून निवडलेले सभासद तिथे घ्या अशी मागणी केली होती. खर्च करणारा आणि भरणारा एका खोलीत बसावेत, एवढाच त्याचा अर्थ. एक ब्राह्मण बंडखोर, एक माळी समाजसुधारक, एक वकिलांची सभा. एकमेकांचं न पटणाऱ्या तिघांचं एकाच रकान्यावर बोट.

सुमारे शंभर वर्षांनी, ६ जून १९७८ रोजी, अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात हाच खेळ वेगळ्या पटावर झाला. घरांचे भाव भडकले होते, चढत्या भावानं घरपट्टीची फेरआकारणी होत होती आणि म्हाताऱ्या पेन्शनरांना स्वतःच्याच घराची पट्टी भरवत नव्हती. हॉवर्ड जार्विस आणि पॉल गॅन या दोघांनी सह्या गोळा केल्या. तिथल्या कायद्यात तशी सोय आहे: पुरेशा सह्या झाल्या की प्रश्न थेट मतपत्रिकेवर येतो. जवळपास ६५ टक्के लोकांनी होय म्हटलं. पट्टी मालमत्तेच्या किमतीच्या एक टक्क्यावर आणि आकारणीतली वार्षिक वाढ दोन टक्क्यांवर अडवली गेली. पुढच्याच वर्षी गॅन यांनी दुसरा प्रस्ताव आणला आणि राज्य सरकारच्या खर्चालाच मर्यादा घातली. त्याचे भोग तिथल्या शाळांना आणि नगरपालिकांना भोगावे लागले, हेही खरं. भाव चढतो, आकारणी चढते, भरणारा खचतो: भीमथडीच्या माणसाला हे समजवायला दुभाषा लागला नसता.

आपल्या घटनेत लोकांनी सह्या करून सरकारच्या तिजोरीवर मत घ्यावं अशी वाट नाही. महाराष्ट्राच्या तुटीला मर्यादा घालणारा २००५ चा कायदा आमदारांनी केला, आणि तो वाकवायचा की नाही हेही तेच ठरवतात. गावातल्या बायकांना थेट मत देता येतं ते दारूच्या दुकानावर, उभी बाटली की आडवी बाटली. ते मतही बायकांनी भांडूनच मिळवलं.

तेहतीस-सहासष्ट-शंभरचा ठराव हा कायदा नव्हता, सरकारनं स्वतःला दिलेला शब्द होता, आणि तो पाळायचा की नाही हे सरकारच्या हातात होतं. गुजरातेत बारडोलीला १९२८ मध्ये २२ टक्के वाढीवरून लढा झाला आणि चौकशीअंती ती जेमतेम ६.०३ टक्क्यांवर आली. त्या बावीस टक्क्यांनी वल्लभभाईंना सरदार केलं; भीमथडीत त्याच्या दुपटी-तिपटीनं सारा वाढला, तेव्हा असं नाव कुणाला मिळालं नाही. साऱ्याच्या वाढीबाबतचे नियम शेवटी १९३९ मध्ये मुंबई इलाख्याच्या जमीन महसूल कायद्यात आले. तोवर इलाख्यात निवडून आलेलं मंत्रिमंडळ आलं होतं.

सुप्याच्या होळीवर पुस्तकं झाली, शाळेच्या पाठात ती आहे. २९ ऑक्टोबर १८७४ चा ठराव कुणाच्या लक्षात नाही. त्या ठरावापासून सुप्याच्या बाजारापर्यंत १९५ दिवस होते.

दौंड किंवा शिरूरच्या शेताचा सातबारा कधी काढलात तर क्षेत्राच्या आसपास आकारणीचा रकाना बघा. त्यात रुपये आणि पैसे असतात, बहुधा एका चहाच्याही किमतीचे नाहीत. तो आकडा ज्या खणांच्या बेरजेतून निघाला, ते खण त्या कारकुनानं तुमच्याच शेतात पाडले होते.